जुन्या जड गाड्यांचे ड्रम ब्रेक: डिस्क बसवले तर नेमकं काय बदलतं?

तुमच्या घरासमोर उभ्या असलेल्या स्कूटरकडे एकदा वाकून बघा. बहुतेक पुढच्या चाकाला भोकं पाडलेली चकचकीत चकती दिसेल आणि मागच्या चाकात डब्यासारखा बंद गोळा. चकती म्हणजे डिस्क, डबा म्हणजे ड्रम. स्कूटर आणि त्यावरची दोन माणसं मिळून अडीचशे-तीनशे किलो होतात. आता हाच डबा चारही चाकांना लावलेली, सव्वादोन टन वजनाची, सहा मीटरच्या आसपास लांब कॅडिलॅक किंवा लिंकन डोळ्यांसमोर आणा. १९५० च्या दशकात अमेरिकेच्या हायवेवर अशा गाड्या ताशी १०० किमीच्या वर सहज धावायच्या, आणि थांबवायला फक्त ड्रम होते.

अशा गाड्या आज ज्यांच्याकडे आहेत, त्यातले बरेच जण ड्रम काढून डिस्क बसवतात. अमेरिकेत त्यासाठी तयार किट मिळतात. या बदलाला 'डिस्क कन्व्हर्जन' म्हणतात. या लेखात बघू की दोन्ही ब्रेक आतून कसे चालतात, कन्व्हर्जनमध्ये काय काय बदलावं लागतं आणि त्यात लोक कुठे फसतात. उदाहरणं मुख्यतः १९५० आणि ६० च्या दशकातल्या अमेरिकन गाड्यांची आहेत, कारण हा प्रश्न सगळ्यात जास्त त्यांनाच पडतो.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. 'डिस्क लावली की गाडी लगेच थांबते' हे अर्धसत्य आहे. ब्रेक चाक थांबवतो, गाडी थांबवतो टायर. ड्रम नीट असतील तर ते पहिल्याच दाबात चारही चाकं लॉक करू शकतात. चाक लॉक होत असेल, तर त्याहून जास्त ताकदीचा ब्रेक लावून थांबण्याचं अंतर कमी होणार नाही. ताशी १०० किमीवरून चांगल्या कोरड्या रस्त्यावर, टायरची पकड ०.८ धरली, तर गणिताने सुमारे ४९ मीटर लागतात. ब्रेक कुठलाही असो. फरक पडतो तो चौथ्या-पाचव्या वेळी, ओल्या रस्त्यावर आणि घाट उतरताना.

ब्रेक म्हणजे उष्णता बनवायचं यंत्र

दहावीचं सूत्र आठवा: गतिज ऊर्जा म्हणजे वस्तुमानाच्या निम्मे गुणिले वेगाचा वर्ग. २,२०० किलोची गाडी ताशी १०० किमीने चालली असेल तर तिच्यात साधारण ८.५ लाख ज्यूल ऊर्जा असते. गाडी थांबली म्हणजे ही ऊर्जा कुठेतरी गेली, आणि ती जाते उष्णतेत. तेवढ्या उष्णतेत २५ अंशाचं पावणेतीन लिटरच्या आसपास पाणी उकळीला येतं. एका दाबात! वेग निम्मा केला तर ऊर्जा निम्मी होत नाही, पाव होते. म्हणून गावात बिनबोभाट चालणारे ब्रेक हायवेवर रडतात.

ब्रेक दाबला की गाडीचं वजन पुढे झुकतं, त्यामुळे ६० टक्के किंवा त्याहून जास्त काम पुढची दोन चाकं करतात. म्हणजे पुढच्या एका ड्रमच्या वाट्याला अडीच लाख ज्यूल. ड्रमचं ओतीव लोखंड १० किलो धरलं, तर एका दाबात त्याचं तापमान पन्नासेक अंशांनी वाढतं. यात काही बिघडत नाही. पण लागोपाठ पाच वेळा, मध्ये थंड व्हायला वेळ न देता दाबला, तर अडीचशे अंशांची वाढ.

आता खंडाळ्याचा बोरघाट घ्या. वरून खोपोलीपर्यंत उतार सुमारे ५०० मीटरचा. तीच गाडी तेवढी खाली आली की १ कोटी ज्यूलच्या वर ऊर्जा सुटते, म्हणजे शंभराच्या वेगावरून बारा-तेरा वेळा पूर्ण थांबण्याइतकी. अर्थात यातली बरीच ऊर्जा वारा, टायर आणि इंजिन खातात. 'ज्या गिअरमध्ये घाट चढलात त्याच गिअरमध्ये उतरा' असं जुने ड्रायव्हर सांगतात ते याचसाठी. पण त्या काळच्या अमेरिकन गाड्यांमध्ये दोनच गिअरचे ऑटोमॅटिक सर्रास असायचे, शेव्हरोलेचा पॉवरग्लाइड हे त्याचं प्रसिद्ध उदाहरण. अशा गाडीत इंजिनकडून घाटात फार आधार मिळत नाही. सगळा भार ब्रेकवर.

ड्रमच्या आत काय चालतं

ड्रम म्हणजे चाकाबरोबर फिरणारं लोखंडी भांडं. आत चंद्रकोरीच्या आकाराचे दोन शू असतात, त्यांच्या पाठीवर लायनर चिकटवलेलं किंवा रिव्हेट केलेलं असतं. पेडल दाबलं की मास्टर सिलिंडरमधून ब्रेक ऑइल दाबाने व्हील सिलिंडरमध्ये येतं, त्याचे पिस्टन दोन्ही शू बाहेर ढकलतात आणि लायनर ड्रमला घासतं. पेडल सोडलं की स्प्रिंग शू मागे ओढतात.

इथपर्यंत सोपं आहे. खरी गंमत पुढे आहे. ड्रम फिरत असताना पुढचा शू त्याला टेकला की ड्रम त्या शूला स्वतःबरोबर ओढायला बघतो, आणि त्या ओढीने शू आणखी घट्ट रुततो. जास्त रुतला म्हणजे जास्त घर्षण, जास्त घर्षण म्हणजे आणखी ओढ. आमच्या भाषेत सांगायचं तर पॉझिटिव्ह फीडबॅक लूप. पायाने लावलेला जोर ब्रेक स्वतःच वाढवून घेतो.

अमेरिकन कंपन्यांनी यावर आणखी एक पायरी चढवली. बेंडिक्स कंपनीच्या ड्युओ-सर्व्हो रचनेत दोन्ही शू खाली एका तरंगत्या अ‍ॅडजस्टरने जोडलेले असतात. पहिला शू ड्रमबरोबर ओढला जातो आणि तो जोर अ‍ॅडजस्टरमधून दुसऱ्या शूला ढकलतो. म्हणजे पहिल्याचं आउटपुट दुसऱ्याचं इनपुट. यामुळे दोन टनांची गाडी बूस्टरशिवायही एखादी सडपातळ व्यक्ती पायाने थांबवू शकायची. १९५० च्या मानाने ही फार हुशारीची रचना होती, आणि माझं मत विचाराल तर ड्रमला आज जे सरसकट 'जुनाट' म्हणतात ते अन्यायाचं आहे.

पण फीडबॅक लूपचा तोटाही इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याला माहीत असतो: इनपुटमधला छोटा फरक आउटपुटमध्ये मोठा होऊन येतो. लायनरचं घर्षण २० टक्के कमी झालं, तर डिस्क ब्रेकचा जोर साधारण २० टक्केच कमी होतो. ड्युओ-सर्व्हो ड्रमचा जोर त्याहून बराच जास्त घसरतो. एका बाजूच्या लायनरवर थोडं ग्रीस लागलं, एका ड्रममध्ये पाणी शिरलं, की दाबताक्षणी गाडी एका बाजूला खेचते. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून गाडी काढल्यावर जुने ड्रायव्हर डाव्या पायाने हलका ब्रेक दाबून चालवायचे, लायनर सुकवायला. ड्रम बंद डबा असल्यामुळे आत गेलेलं पाणी लवकर बाहेर पडत नाही.

फेड म्हणजे काय

ब्रेक तापून त्याचा जोर कमी होणं याला 'फेड' म्हणतात. ही एकच गोष्ट नाही, तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांची लक्षणंही वेगळी.

पहिली, लायनर तापून त्याचं घर्षण कमी होतं. पेडल घट्टच लागतं, पण गाडी थांबत नाही. लायनरमधले चिकट पदार्थ जळू लागले की करपलेला वास येतो. दुसरी गोष्ट फक्त ड्रमच्या नशिबी. लोखंड तापलं की प्रसरण पावतं. १२ इंची ड्रम अडीचशे अंशांनी तापला तर त्याचा व्यास जवळजवळ ०.८ मिमीने वाढतो. म्हणजे ड्रम शूपासून लांब पळतो आणि पेडल दर वेळी थोडं आणखी खाली जातं. डिस्कचं उलट आहे: ती तापून जाड झाली तर पॅडच्या जवळच येते.

तिसरी गोष्ट दोघांनाही सारखीच लागू आणि सगळ्यात धोक्याची: ब्रेक ऑइल उकळणं. ऑइल दाबलं जात नाही, पण वाफ दाबली जाते. त्यामुळे पेडल एकदम स्पंजसारखं होतं आणि फळीला टेकतं. नवीन डॉट ३ ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो, पण त्याने हवेतला ओलावा शोषला की ही मर्यादा १४० वर येते. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५. जुन्या गाड्या वर्षातले अकरा महिने झाकून ठेवलेल्या असतात, मालक म्हणतो 'गाडी चाललीच नाही, ऑइल कशाला बदलू?' ओलावा मात्र गाडी उभी असतानाही शिरतो. ऑइल किलोमीटरवर नाही, कॅलेंडरवर बदलायचं, दोन वर्षांनी.

डिस्क कशी वेगळी

डिस्कमध्ये लपवाछपवी नाही. चाकाबरोबर उघडी लोखंडी चकती फिरते, कॅलिपर नावाचा शिकंजा दोन्ही बाजूंनी पॅड दाबतो. उघडी असल्यामुळे वारा लागतो, पाणी फिरण्यानेच फेकलं जातं. पॅड झिजले तर पिस्टन आपोआप थोडा पुढे सरकून राहतो, अ‍ॅडजस्टर फिरवायची गरज नाही. आणि स्वतःला ओढून घेणारा तो लूप इथे नाही. जेवढं दाबाल तेवढंच मिळेल. त्यामुळे चाक लॉक होण्याच्या सीमेवर पाय सांभाळणं सोपं जातं.

पण लूप नाही म्हणजे फुकटची मदतही नाही. तेवढाच ब्रेक मिळवायला डिस्कला पाइपमध्ये कितीतरी जास्त दाब लागतो. पुढचा सगळा गोंधळ या एका वाक्यातून जन्मतो, म्हणून ते लक्षात ठेवा.

डिस्क आली कधी

डिस्कची कल्पना जुनीच आहे. क्रायस्लरने १९४९ मध्ये क्राउन इम्पिरियल या अवाढव्य गाडीला एक प्रकारची डिस्क दिली होती, पण त्यात कॅलिपर नव्हता. बंद खोक्यात दोन चकत्या एकमेकींपासून लांब ढकलल्या जायच्या आणि खोक्याच्या आतल्या बाजूंना घासायच्या. महाग प्रकरण होतं, टिकलं नाही. जगाचं लक्ष वेधलं ते १९५३ च्या ल मॉं शर्यतीने. जॅग्वार सी-टाइपने डनलपचे डिस्क ब्रेक लावून ती जिंकली, आणि विजेत्याचा सरासरी वेग तिथे पहिल्यांदाच ताशी १०० मैलांच्या वर गेला. प्रतिस्पर्धी वळणाआधी ड्रम सांभाळत लवकर ब्रेक लावायचे, जॅग्वारवाले उशिरापर्यंत वेगात राहायचे. १९५५ मध्ये सित्रोएन डीएस पुढे डिस्क घेऊन आली.

अमेरिका मात्र ड्रमवरच अडून राहिली. पेट्रोल स्वस्त, रस्ते सरळ, ड्रम बनवायला स्वस्त, आणि ड्युओ-सर्व्होमुळे पेडल मऊ. गिऱ्हाइकाला मऊ पेडल हवं होतं. काहींनी ड्रमच सुधारले: ब्यूइकने ५० च्या दशकाच्या अखेरीस पुढच्या चाकांना अ‍ॅल्युमिनियमचे, बाहेरून पात्या असलेले आणि आतून लोखंडी अस्तराचे ड्रम दिले. ते इतके चांगले निघाले की हॉट रॉड बनवणारे इतर गाड्यांनाही लावू लागले. मग १९६३ मॉडेलची स्टुडबेकर अवांटी पुढे डिस्क घेऊन आली. १९६५ मध्ये लिंकन कॉन्टिनेंटल आणि फोर्ड थंडरबर्डला पुढच्या डिस्क मूळ सामानातच मिळू लागल्या, आणि त्याच वर्षी शेव्हरोले कॉर्व्हेटला चारही चाकांना. बघा, सगळ्यात आधी बदल झाला तो जड आणि वेगवान गाड्यांमध्येच.

सगळ्यात मोठी सुधारणा डिस्क नाहीच

हे वाचून काहींना आश्चर्य वाटेल. १९६६ पर्यंतच्या बहुतेक अमेरिकन गाड्यांत चारही चाकांसाठी एकच हायड्रॉलिक सर्किट असायचं. कुठेही एक होज फुटला, एक व्हील सिलिंडर गळाला, की चारही ब्रेक गेले. सॉफ्टवेअरवाल्यांना 'सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर' म्हणजे काय ते सांगायला नको. कॅडिलॅकने १९६२ मध्ये दुहेरी मास्टर सिलिंडर दिला, बाकीच्या अमेरिकन गाड्यांत तो सरसकट आला १९६७ च्या मॉडेलपासून. यात पुढचं आणि मागचं सर्किट वेगळं असतं. एक गेलं तरी दुसरं निम्मीशिम्मी का होईना, गाडी थांबवतं.

त्यामुळे कुणी मला विचारलं की बजेट एकाच कामाचं आहे, काय करू, तर मी म्हणेन ड्रम राहू द्या, आधी मास्टर सिलिंडर दुहेरी करा. दुसऱ्या क्रमांकावर तीनही रबरी होज बदला. जुना होज बाहेरून ठीक दिसतो आणि आतून फुगून बंद होतो. मग दाब आत जातो पण परत येत नाही आणि चाक जाम होतं. तिसरं, टायर. तीस वर्षांचे कडक झालेले टायर ठेवून डिस्कवर पैसे घालणं म्हणजे गळक्या पाइपला महागडी मोटर लावणं.

कन्व्हर्जनमध्ये काय काय बदलतं

माझ्या मित्राच्या वडिलांकडे पुण्यात ६० च्या दशकातली इम्पाला आहे. गाडी रिकामी असताना पावणेदोन टनांच्या आत, पण पाच माणसं बसली की दोन टनांच्या जवळ. काकांनी अमेरिकेतून पुढच्या चाकांचं डिस्क किट मागवलं. गॅरेजवाल्याने रोटर, कॅलिपर, ब्रॅकेट सगळं व्यवस्थित बसवलं, एअर काढली, गल्लीत चक्कर मारली. पेडल झकास. त्याने काकांना सांगितलं, 'मास्टर सिलिंडर चांगला आहे, उगाच खर्च नको.' दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं निघालो. सात-आठ किलोमीटरवर गाडी जड वाटू लागली, मग पेडल दगडासारखं झालं, आणि सिग्नलला थांबलो तेव्हा पुढच्या दोन्ही चाकांतून धूर. मागच्या रिक्षावाल्याने हाक मारली, 'काका, गाडी पेटली!' पेटली नव्हती, पण चाकाजवळ हात नेववत नव्हता.

दोष किटचा नव्हता. ड्रमसाठी बनवलेल्या मास्टर सिलिंडरमध्ये एक रेसिड्युअल व्हॉल्व्ह असतो. तो पेडल सोडल्यावरही पाइपमध्ये १० पीएसआयच्या आसपास दाब धरून ठेवतो, म्हणजे व्हील सिलिंडरची रबरं टेकलेली राहतात आणि हवा आत शिरत नाही. ड्रममध्ये याचा त्रास नाही, कारण मजबूत स्प्रिंग शूला मागे ओढतात. कॅलिपरला असे स्प्रिंग नसतात. तीन इंची पिस्टनचं क्षेत्रफळ सुमारे ७ चौरस इंच, त्यावर १० पीएसआय म्हणजे ७० पाउंड, तीस किलोंच्या वर. पाय काढल्यावरही पॅड तीस किलोंनी डिस्क दाबत बसलेले! सात किलोमीटर तसं चालवल्यावर धूर येणारच.

म्हणून पहिला नियम: डिस्क लावली की मास्टर सिलिंडर डिस्कला साजेसाच हवा. त्यात पुढच्या सर्किटला रेसिड्युअल व्हॉल्व्ह नसतो आणि ऑइलची टाकी मोठी असते, कारण पॅड झिजत जातात तसं कॅलिपरमध्ये जास्त ऑइल जाऊन बसतं. अपवाद एकच. काही जुन्या गाड्यांत मास्टर सिलिंडर फ्लोअरखाली, कॅलिपरपेक्षा खाली असतो. तिथे ऑइल उतरून परत येऊ नये म्हणून डिस्कच्या सर्किटला २ पीएसआयचा छोटा व्हॉल्व्ह लावतात.

मास्टर सिलिंडरचा व्यासही महत्त्वाचा. १ इंचाऐवजी १.१२५ इंचाचा लावला तर क्षेत्रफळ २७ टक्क्यांनी वाढतं, आणि त्याच पायाच्या जोराला दाब सुमारे २१ टक्क्यांनी घटतो. पेडल कमी खाली जातं, म्हणून लोकांना वाटतं ब्रेक 'टाइट' झाले, सुधारले. प्रत्यक्षात ते दुबळे झालेले असतात. घट्ट पेडल आणि चांगला ब्रेक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

डिस्कला जास्त दाब हवा, तो पायातून आणायचा नसेल तर बूस्टर लागतो. बूस्टर इंजिनच्या व्हॅक्यूमवर चालतो. इंजिनला शर्यतीची कॅम बसवलेली असेल तर आयडलला व्हॅक्यूम कमी मिळतो आणि नेमकं सिग्नलला रांगताना पेडल जड होतं. शिवाय बूस्टरसोबत पेडलचं लीव्हर गुणोत्तर बदलावं लागतं: बूस्टर नसलेल्या गाड्यांत ते साधारण ६ ला १ असतं, बूस्टरच्या गाड्यांत ४ ला १ च्या आसपास. जुनं पेडल तसंच ठेवून बूस्टर जोडला तर ब्रेक नुसता पाय ठेवल्यावर चावतो.

पुढे डिस्क आणि मागे ड्रम ही सगळ्यात प्रचलित जोडी. यात दोन व्हॉल्व्ह लागतात. मीटरिंग व्हॉल्व्ह पुढच्या डिस्कला क्षणभर थांबवतो, कारण मागच्या शूला स्प्रिंगचा ताण मोडून ड्रमला टेकायला वेळ लागतो; नाहीतर हलक्या ब्रेकला सगळं काम पुढचीच चाकं करतात. प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह याच्या उलट बाजूचं काम करतो: जोरात दाबल्यावर मागच्या ड्रमकडे जाणारा दाब वाढण्याला आवर घालतो. तो का हवा ते समजून घ्या. पुढे डिस्क आल्यामुळे आता सगळ्या पाइपांत दाब जास्त, आणि मागे तो स्वतःला ओढून घेणारा ड्रम तसाच. मागची चाकं आधी लॉक होतात. पुढची चाकं लॉक झाली तर गाडी सरळ घसरते. मागची झाली तर गाडी गर्रकन फिरते. ओल्या रस्त्यावर दोन टनांची गाडी फिरली की स्टिअरिंग हातात असून उपयोग नसतो.

काकांच्या गाडीला दुसऱ्या फेरीत डिस्क-ड्रमचा दुहेरी मास्टर सिलिंडर, बूस्टर आणि कॉम्बिनेशन व्हॉल्व्ह बसला. मग रविवारी सकाळी रिकाम्या मैदानावर, पाणी मारून, हळूहळू वेग वाढवत मी बाहेरून बघत होतो की आधी कुठलं चाक थांबतंय. पुढचं. मग काका हसले. ही चाचणी रस्त्यावर नाही, मोकळ्या जागेतच करायची.

किरकोळ वाटणाऱ्या पण काम अडवणाऱ्या गोष्टीही आहेत. काही मूळ १४ इंची चाकं कॅलिपरला घासतात, मोठ्या रोटरला चाकंही मोठी लागतात, म्हणून किट घेण्याआधी माप घ्या. काही किटमुळे चाक थोडं बाहेर सरकतं आणि वळवताना टायर मडगार्डला लागतो. लोखंडी पाइपच्या टोकांना डबल फ्लेअरच करायची. पाण्याच्या नळासारखे कॉम्प्रेशन जॉइंट ब्रेकमध्ये चालत नाहीत, दाबाने निसटतात. आणि मागेही डिस्क लावायचा मोह झाला तर हँडब्रेकचा विचार आधी करा. त्यासाठी वेगळे कॅलिपर किंवा डिस्कच्या आत छोटा ड्रम लागतो. उभी गाडी धरून ठेवण्यात ड्रम अजूनही पटाईत आहे. माझ्या मते मागे डिस्क लावण्याचा खर्च बहुतेक क्लासिक गाड्यांत वाया जातो. फोक्सवॅगनच्या आयडी.४ या आजच्या इलेक्ट्रिक गाडीलाही मागे ड्रमच आहेत. तिथे मोटरच बराचसा ब्रेक लावते, त्यामुळे क्वचित वापरली जाणारी उघडी डिस्क गंजण्यापेक्षा बंद ड्रम बरा.

ड्रमच ठेवायचे असतील तर

मग ते मनापासून सांभाळा. ड्रम लेथवर टर्न करून गोल करता येतो, पण मर्यादा असते. त्या काळच्या अमेरिकन गाड्यांत सर्वसाधारणपणे मूळ व्यासापेक्षा ०.०६० इंच, म्हणजे दीड मिमी. त्यापुढे भिंत पातळ होते आणि उष्णता साठवायला लोखंडच उरत नाही. टर्न केलेल्या ड्रमला नवीन शू पूर्ण टेकत नाही, नुसता मधोमध टेकतो, म्हणून लायनर ड्रमच्या गोलाईला घासून जुळवावं लागतं. हे न करता 'नवीन शू टाकले तरी ब्रेक लागत नाही' अशी तक्रार करणारे खूप भेटतात.

ड्युओ-सर्व्होत दोन शू वेगळे असतात: आखूड लायनरचा पुढच्या बाजूला, लांब लायनरचा मागे. अदलाबदल झाली तर गाडी थांबते, पण नीट नाही, आणि कारण कुणाला सापडत नाही. काम करताना एका वेळी एकच चाक उघडा आणि आधी मोबाइलने फोटो काढा, म्हणजे स्प्रिंग कुठली कुठे होती ते शोधत बसायला नको. अनेक गाड्यांत ऑटोमॅटिक अ‍ॅडजस्टर गाडी रिव्हर्समध्ये असताना ब्रेक दाबल्यावर चालतो. पार्किंगमध्ये दोन-चार वेळा मागे घेऊन ब्रेक मारला तर पेडल वर येतं.

आणि एक गोष्ट गमतीवारी नेऊ नका. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचं. ड्रम उघडल्यावर आतली काळी धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवायची सवय आपल्या गॅरेजमध्ये अजून आहे. ती धूळ फुप्फुसात जाऊन वर्षानुवर्षांनी कॅन्सर करू शकते. धूळ ओली करा, फडक्याने पुसा, फडकं पिशवीत बंद करून टाका, मास्क लावा. फुंकर तर अजिबात मारू नका.

आपल्याकडे

या गाड्या आपल्याला अगदीच परक्या नाहीत. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला गाड्या जुळवणं सुरू केलं होतं, आणि स्वातंत्र्यानंतर कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये क्रायस्लरच्या परवान्याने डॉज, प्लिमथ, डिसोटो बाहेर पडायच्या. त्यातल्या काही मुंबई-पुण्याच्या रॅलींमध्ये आजही दिसतात.

जुलै २०२१ मध्ये केंद्राने विंटेज वाहनांसाठी वेगळे नियम आणले. पन्नास वर्षांपेक्षा जुनी, मूळ रूपात असलेली, चासी, बॉडी किंवा इंजिनमध्ये मोठा बदल न केलेली खासगी गाडी या नोंदणीला पात्र ठरते आणि नंबरप्लेटवर 'व्हीए' ही अक्षरं मिळतात. अशी गाडी रोजच्या वापरासाठी नसते; प्रदर्शन, रॅली, देखभाल, इंधन भरणं अशा कामांसाठी रस्त्यावर आणता येते. म्हणजे कन्व्हर्जनचा निर्णय घेताना आधी बघायचं की गाडी चालणार किती आणि कुठे. वर्षातून दोनदा शहरातल्या रॅलीला जाणाऱ्या गाडीला चांगले ड्रम आणि दुहेरी मास्टर सिलिंडर पुरे. कुटुंब घेऊन महाबळेश्वरला जायचा बेत असेल तर पुढच्या डिस्क मी आग्रहाने लावायला सांगेन. नोंदणी आणि विमा दोन्हीसाठी कुठलाही बदल आधी आरटीओत विचारून, कागदावर घेऊनच करा.

बदल करताना नवीन भोकं पाडू नका, काही वेल्ड करू नका. बोल्टने बसणारं किटच निवडा. इम्पालाचे मूळ ड्रम, शू, स्प्रिंग आणि तो जुना मास्टर सिलिंडर काकांनी ग्रीस लावून, वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर ठेवले आहेत. प्रत्येक पुडक्यावर मार्करने लिहिलंय: पुढचं डावं, पुढचं उजवं, आखूड शू, लांब शू.